प्रवेशाची तयारी आठवीपासून



दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी एक प्रश्न विचारतो : लंबकाची लांबी चौपट केली, तर त्याच्या एका आंदोलनास किती पट वेळ लागेल? बहुतेक जण 'चौपट' म्हणतात. त्यांत दहावीला उत्तम गुण मिळवलेलेही असतात. दिवाळीपर्यंत त्यांतील काही जण 'भौतिकशास्त्र आपल्याला जमणार नाही' असे ठरवून बसतात. त्यांची बुद्धी कमी नसते, सवय नसते.

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद! एवढ्या वेळात नुसते पाठांतर पुरत नाही. कोणती राशी कशी बदलते हे अंगवळणी पडलेले असावे लागते. त्याचा पाया आठवीतच घालता येतो. कसा ते पाहा.

दोऱ्याला एक जड नट बांधून टांगा. टांगलेल्या ठिकाणापासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी १०० सें.मी. ठेवा. नटाला लहानसा झोका देऊन २० आंदोलनांचा वेळ मोजा. (नट जाऊन परत आला, की एक आंदोलन.) सुमारे ४० सेकंद भरतील. आता लांबी २५ सें.मी. करा. वेळ सुमारे २० सेकंद! लांबी चौथाई झाली, पण वेळ निम्माच झाला. म्हणजे वेळ लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. वरील प्रश्नाचे उत्तर 'दुप्पट'.

आठवीत एवढे पुरे : मोजमाप, एकके, प्रमाण. नववीत पाच-सहा लांबी घेऊन आलेख काढा. आडव्या अक्षावर मीटरमध्ये लांबी, उभ्या अक्षावर एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग. बिंदू एका सरळ रेषेत येतील. दहावीत त्या रेषेचा चढ काढा. तो ४ च्या जवळपास असेल. पायच्या वर्गाची चौपट, म्हणजे सुमारे ३९.५, या संख्येला त्या चढाने भागा. उत्तर ९.८ च्या आसपास येईल. हेच गुरुत्व त्वरण, तुम्ही घरी मोजलेले!

बारावीत लंबकाचे सूत्र फळ्यावर येईल, तेव्हा ते तुम्हाला परके वाटणार नाही. शिक्षकांनीही आधी प्रयोग, मग सूत्र, असा क्रम ठेवून पाहावा. खर्च काय? दोरा, नट आणि एक घड्याळ. मग उद्याच सुरुवात कराल ना?