सायलेन्सरमधलं तेल आणि चुकीची दुरुस्ती

जुन्या चेतक स्कूटरच्या सायलेन्सरमधून काळं, चिकट तेल टपकायला लागलं की पार्किंगमधला प्रत्येकजण एकच सल्ला देतो: ‘टूटी ऑइल कमी टाक.’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या या टूटी तेलाखेरीज दुसरं वंगणच नसतं. पिस्टन, रिंगा, क्रँकची बेअरिंगं सगळी त्याच तेलावर जगतात. तेल तोडलंत तर धूर कदाचित कमी होईल, पण चढावर भर उन्हात पिस्टन पकडला की मागचं चाक एकदम अडकतं आणि गाडी माणसासकट घसरते.

आमच्याकडे वडिलांची चेतक आहे. बरीच वर्षं कव्हराखाली उभी होती. पुन्हा रस्त्यावर आणली तेव्हा पहिले काही दिवस ती धूर सोडणार हे गृहीतच होतं. पण धूर थांबेना. फरशीवर काळे डाग पडू लागले, प्लग दर थोड्या दिवसांनी ओला होऊन गाडी किक घेईना. गॅरेजवाल्याने सायलेन्सर उघडून साफ केला. महिन्याभरात तो परत तेलाने भरला. मग तो म्हणाला, रिंगा गेल्या, बोअर करून पिस्टन किट टाकावं लागेल. काम झालं, पैसे गेले, धूर होता तिथेच राहिला.

हे निदान का चुकलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही अनेक गॅरेजांत तेच होतं. फोर-स्ट्रोक गाडीत पिस्टनच्या खाली तेलाचा साठा असतो. रिंगा झिजल्या की ते तेल वर चढतं, जळतं आणि निळसर धूर येतो. आताचे बहुतेक मेकॅनिक त्याच गाड्यांवर शिकले. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली असा साठा नसतो. रिंगा झिजल्या तर ताकद कमी होईल, किकचा दाब कमी लागेल, पण नुसत्या त्याने सायलेन्सर तेलाने भरत नाही. मग जादा तेल येतं कुठून?

आमच्या गाडीत ते गिअरबॉक्समधून येत होतं. चेतकच्या क्रँकच्या क्लचकडच्या बाजूला एक रबरी ऑइल सील असतं. त्याच्या एका बाजूला गिअर ऑइल, दुसऱ्या बाजूला क्रँककेस. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, आणि सील कडक होऊन भेगाळलं असेल तर त्या ओढीने गिअर ऑइल आत येतं आणि पेट्रोलबरोबर जळायला जातं. उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा होतं, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. एका जुन्या मेकॅनिकने इंजिनाला हातसुद्धा न लावता मला विचारलं, ‘घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, तेव्हा काय होतं?’ जुन्या कात्रज घाटातून पुण्याकडे उतरल्यावर थ्रॉटल दिला की मागे पांढरा लोट उठायचा, मागचा रस्ता दिसायचा नाही. थ्रॉटल बंद असताना आतली ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तेव्हा क्रँककेसमध्ये तेल साठतं. उतारानंतर थोडा धूर कोणतीही टू-स्ट्रोक सोडते. लोट मात्र सोडत नाही. त्याने ड्रेनचा बोल्ट काढून गिअर ऑइल भांड्यात घेतलं. खाली कुठेही गळती नव्हती, तरी तेल निम्म्यावर आलं होतं. निदान तिथेच संपलं.

त्याच सीलमधून उलटा प्रवासही होतो. गिअर ऑइल वाढलेलं, पातळ आणि पेट्रोलच्या वासाचं निघालं तरी संशय याच सीलवर घ्या. मॅग्नेटकडचं सील मात्र वेगळं वागतं. ते गेलं तर बाहेरची हवा आत येते, धूर वाढत नाही, पण इंजिन तापतं आणि पिस्टन पकडण्याची भीती असते. त्यामुळे एक बदलताना दोन्ही बदलून घ्या. मजुरीच मोठी असते, सील स्वस्त असतं.

अर्थात सगळ्याच गाड्यांचं सील गेलेलं नसतं. आधी मिश्रण तपासा. चेतकला दोन टक्के तेल पुरतं, म्हणजे लिटरला 20 मिली, पाच लिटरला 100. अंदाजाने तेल ओतण्यापेक्षा मापाची बाटली डिकीत ठेवा. ऑइल जेएएसओ एफसी दर्जाचं, कमी धुराचं घ्या. चोकची केबल अडकून चोक अर्धवट ओढलेला राहतो का, फ्लोटची नीडल गळते का, हेही पाहा. आणि गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लावा. कॉक उघडा राहिला तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, नवं येत राहतं आणि तेल तळाशी साठत जातं. पुढच्या किकला तेच जळतं.

कारण दूर झाल्यावरच सायलेन्सरकडे वळा. एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन खरवडताना पिस्टन वर घ्या, म्हणजे पोर्ट झाकलं जाईल आणि कचरा सिलिंडरमध्ये पडणार नाही. लोखंडी पट्टीऐवजी लाकडाची काडी वापरा. सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजवणार असाल तर हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि अॅल्युमिनियमचं हेड चुकूनही त्यात बुडवू नका, सोडा ते खातो. दुरुस्तीनंतरही काही दिवस धूर राहील. आत मुरलेलं तेल जळून जायला इंजिन नीट तापावं लागतं, म्हणून गल्लीतल्या फेऱ्यांऐवजी गाडी हायवेवर लांब न्या.

गॅरेजमध्ये कोणी बोअर करायचं म्हणालं, तर आधी गिअर ऑइल तुमच्यासमोर काढून मोजायला सांगा. त्याला दहा मिनिटं लागतात.