पिलाच्या पोटातले जंत : औषध देऊनही का जात नाहीत?



ऊस विकास खात्याच्या या पानावर आपण बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट असे विषय पाहत असतो. या अंकात कुत्र्याच्या पिलाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण गटसभा संपली, चहा झाला, की उसाचे प्रश्न बाजूला राहतात आणि कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, पिलाला तीनदा जंताचं औषध पाजलं, तरी पोट नगाऱ्यासारखंच. औषध बनावट निघालं का?" हा प्रश्न इतक्या वेळा आला, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले. आम्ही पशुवैद्य नव्हे. शेतकीच्या पदविकेत जेवढे पशुसंवर्धन शिकलो, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून जे पक्के करून घेतले, तेवढेच येथे देत आहोत.

थोडक्यात उत्तर असे : औषध बहुधा चांगलेच असते. ते आतड्यातले जंत मारते. पण नवे जंत आईकडून, जमिनीतून आणि पिसवांतून येतच राहतात. लव्हाळ्याची पाती वरून खुरपली आणि गाठी जमिनीत राहिल्या, तर आठ दिवसांत रान पुन्हा हिरवे होते. जंतांचेही तसेच आहे.

आपल्याकडे हा त्रास जास्त का?

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना गाळप करू लागला आणि पुढे जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. पाणी आले, ऊस आला, आणि माणसे गावठाण सोडून रानात वस्ती करून राहू लागली. वस्ती म्हटली की कुत्रे आलेच. मोटार, केबल, शेळ्या-कोंबड्या यांची राखण तेच करते.

पण बागायतीने वस्तीभोवतीची जमीन बारमाही ओली आणि सावलीची केली. जंतांच्या अंड्यांना आणि अळ्यांना हेच हवे असते. उघड्या माळावर वैशाखाचे ऊन अळ्यांना जाळून टाकते, उसाच्या कडेला मोरीच्या ओलीत त्या टिकून राहतात.

दुसरे कारण बिबट्याचे. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासकांनी बिबट्याचे खाणे तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून शहाणा माणूस पिलू रात्री खोपटात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडतो. ते बरोबरच आहे. मात्र तिथेच पिलू निजते, तिथेच घाण करते आणि तिथेच चाटते. कोपरा रोज साफ झाला नाही, तर तो जंतांचा वाफा होतो.

जंत चार प्रकारचे, चौघांची वाट वेगळी

(१) गोल जंत : शेवयांसारखे लांब, पांढरे. पिलाच्या उलटीत किंवा शीत दिसतात ते बहुधा हेच. याच्या अळ्या कुत्रीच्या मांसात झोपून राहतात. ती गाभण झाली, की शेवटच्या तीन आठवड्यांत जाग्या होऊन गर्भात शिरतात. म्हणजे पिलू जन्माला येते तेच जंत घेऊन. ते तीन आठवड्यांचे होते न होते, तोच त्याच्या शीतून अंडी पडू लागतात. एक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. ही अंडी चिकट आणि जाड कवचाची असतात, जमिनीत काही वर्षे तग धरतात, फिनेलने मरत नाहीत.

(२) अंकुश जंत : बोटाच्या पेराएवढाही नसतो, पण रक्त पितो. पिलाला तो आईच्या दुधातून येतो, शिवाय ओल्या मातीतून कातडी भेदून शिरतो. शी काळी, डांबरासारखी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. दोन-तीन आठवड्यांची पिले याने पटापट मरतात आणि घरचे म्हणतात, "नजर लागली."

(३) चाबूक जंत : मोठ्या आतड्यात राहतो. गिळलेल्या अंड्यापासून जंत मोठा होऊन स्वतः अंडी घालीपर्यंत सुमारे तीन महिने जातात. म्हणून तो अगदी लहान पिलात नव्हे, तर थोड्या मोठ्या कुत्र्यात सापडतो. शीवर शेंब आणि कधी रक्त दिसते.

(४) पट्टकृमी : शेपटीखाली तांदळाच्या कण्या चिकटल्यासारख्या दिसतात, त्या याच्याच तुटलेल्या पेऱ्या. हा पिसवांतून येतो. पिलू अंग चावताना पिसू गिळते आणि तिच्या पोटातला जंत पिलाच्या पोटात वाढतो. पिसवा अंगावर असेपर्यंत कितीही औषध द्या, हा पुन्हा येणारच.

औषध का "लागत नाही"?

गेल्या हंगामात एका सभासदाच्या वस्तीवरील तीन महिन्यांचे पिलू आम्ही पाहिले. पोट मोठे, पाठीची हाडे मोजता येतील अशी. औषध तीनदा दिलेले. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर अंकुश जंताची अंडी भरपूर. मग एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि प्रत्येक गोष्ट आपल्या कोणाच्याही वस्तीवर घडणारी आहे.

पहिली गोष्ट वजनाची. औषध बुचाने मोजून दिले होते. पहिल्या वेळी पिलू दोन किलोचे, तिसऱ्या वेळी साडेचार किलोचे, पण बूच तेच. सभासद बंधूंनो, कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण उसाच्या किलोकिलोचा हिशेब मागता, तो मागायलाच हवा. मग पिलाचे वजन तेवढे नजरेने का? पिशवीत घालून ताणकाट्याला टांगा, एका मिनिटाचे काम आहे. कमी औषधाने दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारे अंकुश जंत सापडले आहेत. कीटकनाशकाला न जुमानणारी कीड आपण शेतात पाहतोच, हा त्यातलाच प्रकार.

दुसरी गोष्ट वेळेची. औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना लागू पडते. त्या दिवशी फुप्फुसात किंवा मांसात असलेल्या अळ्या बहुधा सुटतात आणि पुढे आतड्यात उतरतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी पाळी हवीच. येथे पाळ्यांत त्याहून जास्त अंतर होते. मधल्या काळात नवे जंत मोठे होऊन अंडी घालून मोकळे.

तिसरी गोष्ट आईची. कुत्रीला एकदाही औषध नव्हते. ती त्याच कोपऱ्यात निजत होती आणि तिच्या शीतून रोज नवी अंडी पडत होती.

चौथी गोष्ट जागेची. पिलाचे पोते नळाच्या मोरीशेजारी होते. दिवसभर ओल, उन्हाची तिरीप नाही.

वजन करून औषध दिले, आईलाही दिले, पोते जाळून जागा बदलली, दोन-दोन आठवड्यांच्या पाळ्या धरल्या. दोन महिन्यांत पिलाने अंग धरले. दुकान बदलावे लागले नाही, औषधाची किंमतही वाढली नाही.

कोणत्या जंताला कोणते औषध?

पायरँटेल हे गोल व अंकुश जंतांवर चालते आणि अगदी लहान पिलालाही सोसते. पण पट्टकृमी व चाबूक जंत त्याने जात नाहीत. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागते. चाबूक जंताला फेनबेंडाझोल, दर किलो वजनास ५० मिलिग्रॅम याप्रमाणे रोज एकदा, सलग तीन दिवस देतात. चाबूक जंतासाठी हा तीन दिवसांचा क्रम महिन्या-महिन्याने पुन्हा करावा लागतो. म्हणजे "जंताचं औषध द्या" एवढे म्हणून भागत नाही, कोणता जंत ते आधी कळले पाहिजे. त्यासाठी चमचाभर ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी.

तपासणीचा आणखी एक फायदा आहे. सगळी हगवण जंतांची नसते. कॉक्सिडिया व जिआर्डिया हे अतिसूक्ष्म जीव जंतांसारखाच त्रास देतात. कॉक्सिडियावर जंताचे औषध वाया जाते, त्याची गोळी वेगळी. आणि पिलू एकाएकी उलट्या करू लागले, रक्ताची दुर्गंधी हगवण लागली, खाणेपिणे टाकले, तर तो पार्व्हो असू शकतो. तेव्हा जंताचे औषध पाजीत बसू नये, त्याच तासाला दवाखाना गाठावा. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या अशक्त पिलालाही आधी डॉक्टरांना दाखवावे, मगच औषध.

हे करू नये

गाईम्हशींचे अल्बेंडाझोलचे पातळ औषध अंदाजाने पिलाला पाजू नये. कुत्र्यात त्याने हाडातील मगजाला, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. जनावरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन पिलाला परस्पर टोचू नये, मात्रा चुकली तर झटके येऊन पिलू जाते. रॉकेल किंवा तंबाखूचे पाणी हे औषध नव्हे, विष आहे. कांदा-लसणाने कुत्र्याचे रक्त आणखी कमी होते. वावडिंग आणि पळसपापडी यांचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असते, पण आठवडा-पंधरवड्याच्या पिलात त्यांची मात्रा ठरविणार कोण? जंत हटेपर्यंत पिलू हातचे जाईल.

जमीन साफ, तर पोट साफ

निसर्गाने आपल्याला एक सवलत ठेवली आहे. गोल जंताचे अंडे ताज्या शीत असते तेव्हा बाधत नाही. ते पिकायला मातीत दोन आठवडे तरी लागतात. अंकुश जंताची अळी मात्र ओलीत आठवड्याच्या आतही तयार होते. तेव्हा शी रोजच्या रोज उचलली, तर अंडी पिकण्याआधीच गेली. ती उकिरड्यावर टाकू नये. उकिरडा शेवटी शेतातच येतो आणि त्यात पोरे-कोंबड्या उकरतात. विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यापासून दूर दीड-दोन फूट खड्डा घेऊन त्यात टाकावी, वर माती लोटावी.

पिलाची जागा कोरडी आणि सकाळचे ऊन येणारी असावी. फरशी असेल तर उकळते पाणी ओतून खराट्याने घासावी. मातीची असेल तर वरचा थर खरडून त्याच खड्ड्यात पुरावा. पोते आठवड्याला बदलावे. पिसवांचा बंदोबस्त डॉक्टरांना विचारून पिलावर आणि जागेवर एकाच वेळी करावा. शेतात मेंढ्या बसविल्या असतील किंवा घरी बोकड कापला असेल, तर कच्चे काळीज, फुप्फुस, आतडी कुत्र्याला टाकू नयेत. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्यात येतो. तो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काळजात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात आणि त्यासाठी कधी शस्त्रक्रियेची पाळी येते.

प्रश्न फक्त पिलाचा नाही

ज्या अंगणात पिलू लोळते, त्याच अंगणात आपले नातवंड रांगते आणि मातीचा हात तोंडात घालते. गोल जंताची अळी मुलाच्या पोटातून काळजात, क्वचित डोळ्यात जाऊन बसते आणि नजर अधू करू शकते. अंकुश जंताची अळी अनवाणी पायात शिरून कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ काढते. तोडणीच्या हंगामात कोप्यांवर लहान मुले आणि कुत्री एकाच जागी वावरतात, तेथे तर हे जास्तच लक्षात ठेवावे.

देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती मुलाला जरूर द्यावी. उरलेली मात्र पिलाला चारू नये. आणि त्या गोळीच्या भरवशावर अंगणातली शी तशीच ठेवू नये. जेवणाआधी साबणाने हात धुणे आणि पायात चपला, ही दोन बिनखर्चाची औषधे आहेत.

वेळापत्रक : कापून गोठ्याच्या दारावर लावावे

• पिलाचे वय २, ४, ६ व ८ आठवडे : प्रत्येक वेळी वजन करून औषध.
• त्यानंतर ६ महिने वयापर्यंत : दरमहा.
• पुढे आयुष्यभर : दर ३ महिन्यांनी.
• व्यालेली कुत्री : पिलांच्या प्रत्येक पाळीबरोबर तिलाही.
• औषधाला दाद नसेल तर : पुढची पाळी देण्याआधी शी तपासणी.
• याच भेटीत डॉक्टरांना पार्व्हो व रेबीजच्या लसींच्या तारखा विचारून लिहून घ्याव्यात.

पिलू कोणी विकत आणत नाही, म्हणून त्याच्या औषधाचा खर्च जिवावर येतो. पण वर्षभर रात्री जागणारा हा गडी पगार मागत नाही. चार पाळ्यांचे औषध, एक ताणकाटा आणि रोज पाच मिनिटांची झाडलोट एवढीच त्याची मागणी आहे. तरी सभासदांनी आपल्या वस्तीवरील पिलाचे वजन या आठवड्यातच करावे ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी