टर्बो गाडीला कोणता क्लच द्यायचा? आधी गिऱ्हाईक विचारा, मग कॅटलॉग उघडा

व्हिडिओत हिशोब जरा घाईत झाला, म्हणून इथे सावकाश लिहितो. ऑटो पार्ट्सचं दुकान टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

आपल्या शहराला हा विषय नवा नाही. शेंद्र्याच्या स्कोडा प्लांटमधून २००१ पासून गाड्या निघतायत. ऑक्टाव्हिया, मग लॉरा. त्यातल्या टर्बो पेट्रोल गाड्या आता सेकंडहँडमध्ये तरुण पोरांकडे आल्यात. पोरगा गाडी घेतो, रिमॅप करून पॉवर वाढवतो, आणि थोड्या दिवसांत क्लच घसरायला लागतो. मग तो तुमच्या काउंटरवर येतो.

माझ्याकडे असाच एक आला होता. लॉरा १.८ टीएसआय, मूळ टॉर्क २५० एनएम, रिमॅपनंतर ३३० सांगितला होता. चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएम वर जायचा, वेग तिथेच. मी काय केलं? कॅटलॉगमधलं सगळ्यात दणकट किट काढलं, सहा पॅडची सिरॅमिक प्लेट. महिन्याभरात पोरगा परत. क्लच घसरत नव्हता, पण जालना रोडच्या प्रत्येक सिग्नलला गाडी झटके देत होती. "दादा, आई गाडीत बसायला तयार नाही," म्हणाला. त्या किटवर मला सहा हजार सुटले होते. गिअरबॉक्स परत उतरवणं, मजुरी, ऑइल धरून चौदा हजार खिशातून गेले. वापरलेलं किट आजही रॅकवर पडलंय. पार्ट चांगलाच होता. मी चुकीच्या गाडीला दिला.

आता गणित. क्लच किती टॉर्क धरणार हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि प्लेटच्या घासणाऱ्या बाजू (एका प्लेटला दोन). चौघांचा गुणाकार करायचा. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. गुणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन म्हणजे साधारण पाचशे किलो वजनाइतका, त्रिज्या ०.१ मीटर. २ × ०.३ × ५,००० × ०.१ = ३०० एनएम. मूळ २५० ला हे पुरतं, वर थोडी शिल्लकही राहते. पण ३३० आले की घसरणारच.

आणि साधी ऑरगॅनिक प्लेट तापली की गुणांक खाली येतो. ०.२५ धरला तर तोच क्लच २५० वर येतो. म्हणून घाटातल्या जॅममध्ये आधी वास येतो आणि मग क्लच सुटतो.

ताकद वाढवायचे रस्ते दोन. प्लेटचं मटेरियल बदला, नाहीतर दाब वाढवा. सिरॅमिक किंवा सिंटर्ड मेटलचा गुणांक जास्त आणि ते उष्णताही जास्त सोसतं, पण पकड एकदम येते, म्हणून गर्दीत झटके. ट्रॅकवर ठीक आहे, सेव्हन हिल्सच्या ट्रॅफिकमध्ये नाही. दाब वाढवला तर पेडल जड होतं आणि रिलीज बेअरिंगवर भार येतो, पण गाडी मऊ उठते. वरच्याच उदाहरणात दाब ७,००० केला तर थंड असताना ४२०, तापल्यावर ३५०. ३३० च्या वर राहतो. त्या पोराला शेवटी हेच दिलं: ऑरगॅनिक प्लेट आणि जड प्रेशर प्लेट.

गिऱ्हाईक "दोनशे दहाची पॉवर आहे" असं अभिमानाने सांगतं. ऐकून घ्या, पण टॉर्क विचारा, कारण क्लचवर येतो तो टॉर्क. टर्बो गाडीत तर तो दीड हजार आरपीएमपासूनच भरपूर असतो.

फ्लायव्हील विसरू नका. अशा बऱ्याच गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंगवाला. ते सैल झालेलं असेल तर नवीन क्लच टाकून उपयोग नाही. काहीजण त्याजागी सॉलिड फ्लायव्हील बसवतात. तेव्हा प्लेट स्प्रिंगवाली हवी, आणि आयडलला गिअरबॉक्स खडखडेल हे आधीच सांगा, नाहीतर आठ दिवसांनी "आवाज येतोय" म्हणून फोन येईलच. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतंय का तेही बघा. ऑइल लागलेली प्लेट कितीही महाग असली तरी घसरते.

डीएसजी गाडी आली तर हे गणित बाजूला ठेवा. सात स्पीडचा ड्राय डीएसजी मुळात २५० एनएमपर्यंतच बनवलेला आहे. तिथे स्पेशलिस्टकडे पाठवा. एक विक्री गेली तर गेली.

आता माझ्या दुकानात किट दाखवायच्या आधी एक कार्ड भरलं जातं. रिमॅपनंतरचा टॉर्क किती आणि तो कुठे मोजला, रोजचा रस्ता कोणता, गाडी घरात अजून कोण चालवतं, आणि रिमॅप विमा कंपनीला कळवलाय का. खाली गिऱ्हाईकाची सही. नवीन क्लचला सुरुवातीचे जेवढे किलोमीटर सांभाळून चालवायचे असतात तेही किटच्या कागदावरून त्याच कार्डावर उतरवतो.

गृहपाठ. डिझेल लॉरा, मूळ ३२० एनएम, रिमॅपनंतर ४००. समोर असलेल्या किटचा दाब ६,५०० न्यूटन, गुणांक ०.३, त्रिज्या १०.५ सेंमी. थंड असताना किती धरेल, आणि ०.२५ वर किती? गिऱ्हाईक दर आठवड्याला औट्रम घाटाने चाळीसगावला जातं, आणि पैसे मोजून काउंटरवर ठेवलेत. तुम्ही ते किट द्याल का?