पुस्तक मिटा, मग आठवा

जानेवारी उजाडला की दवाखान्यात एक मागणी हमखास वाढते. “डॉक्टर, पोरगा दिवसभर पुस्तक धरून बसतो, पण विचारलं की काही आठवत नाही. स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक लिहून द्या.” नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, बढतीसाठी खात्याची परीक्षा देणारे आणि निवृत्तीनंतर हार्मोनियम शिकायला बसलेले लोकही हीच तक्रार घेऊन येतात. यातल्या बहुतेकांची स्मरणशक्ती ठणठणीत असते. चुकते ती अभ्यासाची रीत आणि कमी पडते ती झोप. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात आणि त्यासाठी बाटलीतलं औषध लागत नाही.

वाचताना कळतं, मग आठवत का नाही?

एकच धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओळींवरून सरसर पुढे जातात. प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि ‘हे मला येतं’ अशी खात्री वाटू लागते. पण समोर असलेलं ओळखणं आणि समोर नसलेलं आठवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तिथे आठवावंच लागतं. आईला वर्षानुवर्षं भाकरी थापताना पाहिलेलं असलं, तरी आपल्या हातची पहिली भाकरी मोडतेच. हात तयार होतो तो स्वतः थापल्यावर.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे नेमकं दाखवून दिलं. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा पुन्हा वाचायला सांगितला, दुसरा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. म्हणजे वाचनाने आलेला आत्मविश्वास काही मिनिटं टिकतो, आठवण्याच्या कष्टाने मिळवलेलं ज्ञान पुढेही टिकतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. आकृती काढा, सूत्र मांडा, धाकट्या बहिणीला समजावून सांगा. अडखळायला होईल, जीव मेटाकुटीला येईल, ‘मला काहीच येत नाही’ असंही वाटेल. घाबरू नका. त्या अडखळण्यातच शिकणं चाललेलं असतं. त्यानंतर पुस्तक उघडून चुका आणि सुटलेलं तपासा. हे तपासणं टाळलं, तर चूकच पाठ होऊन बसते. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित केल्याने पान सुंदर दिसतं, पण लक्षात राहण्याला त्याची फारशी मदत होत नाही.

उजळणीत अंतर ठेवा

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. त्याचं दुसरं निरीक्षण अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचं आहे. बारा अक्षरगटांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांत साधलं. कष्ट जवळपास निम्मे, फळ तेवढंच.

आपल्या घरांतून तिन्हीसांजेला परवचा म्हटला जाई. दिवेलागणीला पाटी-पुस्तक बाजूला ठेवून पाढे म्हणायचे, तेही रोज. पुस्तकाविना आठवणं आणि दिवसांचं अंतर या दोन्ही गोष्टी त्यात आपसूक येत. ज्या पिढीने असा परवचा म्हटला, तिला ‘एकोणतीस साते’ आजही विचारून बघा. परवच्याला आता अर्थाची जोड द्यायला हवी. ‘असं का होतं?’ हा प्रश्न प्रत्येक संकल्पनेला विचारा. ज्याचं कारण कळलं, ते आधी माहीत असलेल्या गोष्टींशी जोडलं जातं आणि लवकर सापडतं.

नव्या धड्यासाठी साधं वेळापत्रक असं ठेवा. ज्या दिवशी शिकलात त्याच संध्याकाळी एकदा न बघता आठवा. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जे अडतं ते लवकर परत घ्या, जे सहज येतं त्यातलं अंतर वाढवा. गणित आणि भौतिकशास्त्राची उदाहरणं सोडवताना एकाच प्रकारची वीस सलग सोडवू नका, तीन-चार प्रकरणांतली मिसळून सोडवा. कोणती रीत कुठे लावायची हे ओळखण्याचा सराव त्यातूनच होतो आणि परीक्षेत कसोटी त्याचीच लागते.

झोप हा अभ्यासाचाच भाग आहे

दिवसभरात शिकलेलं नवं ज्ञान मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधाराने जपलं जातं. गाढ झोपेत त्या आठवणींची मेंदूत पुन्हा उजळणी होते आणि त्या मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्क्या होऊ लागतात. रात्र जागून अभ्यास करणारा विद्यार्थी हेच काम बंद पाडतो. शिवाय अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी नवं ग्रहण करण्याची ताकदही घटते.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, प्रौढांना किमान ७ तास. पहाटे उठून अभ्यास करायचा असेल तर जरूर करा, मात्र त्या हिशेबाने रात्री लवकर झोपा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री दहाचा कडक चहा थेट झोपेवर येतो. फोन अभ्यासाच्या खोलीबाहेर ठेवा. दर दोन मिनिटांनी लक्ष तुटलं तर मेंदूकडे साठवायला काही पोहोचतच नाही. रोज अर्धा तास भरभर चालणं किंवा खेळणं झोप आणि एकाग्रता या दोन्हींना उपकारक आहे. परीक्षेच्या काळात मुलांचा खेळ बंद करू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

रीत सुधारली, झोप पुरेशी झाली, तरी लक्ष लागत नसेल तर शारीरिक कारण शोधलं पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. लोह कमी असलं की थकवा येतो, डोकं जड होतं, लक्ष टिकत नाही. अशा मुलीला ‘आळशी’ म्हणू नका, तिचं हिमोग्लोबिन तपासा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी नियमित घेऊ द्या. गोळीनंतर लगेच चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. थायरॉइडचे विकार, चष्म्याचा बदललेला नंबर, कमी ऐकू येणं, मोठ्या माणसांमध्ये जोराच्या घोरण्यासह तुटणारी झोप, ही कारणंही तपासावीत.

मूल हुशार आहे, तोंडी उत्तरं देतं, पण वाचताना-लिहिताना सतत अडखळतं, अक्षरांची उलटापालट करतं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. निदान झाल्यास शिकवण्याच्या खास पद्धती उपलब्ध आहेत आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, भूक-झोप उडणं, जगण्याचा कंटाळा अशी लक्षणं असतील तर अभ्यास बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. एकाग्रतेच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नका.

वय झालं म्हणून शिकणं थांबत नाही

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही तयारी पूर्ण करून उत्तीर्ण झालेल्या प्रौढ उमेदवारांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात वाढ दिसली. अनुत्तीर्ण झालेल्यांमध्ये ती दिसली नाही. प्रौढ मेंदूही कष्टाला प्रतिसाद देतो. साठीनंतर वेग थोडा कमी होतो, तेव्हा भाग छोटे घ्या आणि उजळण्या वाढवा.

पालकांना एक विनंती. ‘किती तास बसलास?’ हे विचारणं आजपासून सोडा. ‘आज काय शिकलास, मला सांग’ असं विचारा आणि मूल अडखळलं तरी रागावू नका, शांतपणे ऐका. रोजची ती दहा मिनिटं कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त उपयोगी पडतील. त्यानंतर पुस्तक बंद करून त्याला वेळेवर झोपू द्या.