गळ टाकण्यापूर्वीं

आम्हां भिवंडीकरांस कामवारी नदी व वऱ्हाळा तलाव जवळचे. सुट्टींत गळ टाकून बसण्याचा मोह कोणास होत नाहीं? परंतु आपल्या प्रांतांतील तलावांची मासेमारी पुष्कळदां सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेली असते. तेथील मासळी हें सभासदांचें पोट होय. म्हणून आधीं चौकशी करून अनुमति घ्यावी. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणें कायद्यानें गुन्हा आहे. कारण त्यांत पिलेंही मरतात. रोहू, कटला हे मासे पावसाळ्यांत नदीला पूर आला म्हणजे अंडीं घालतात. समुद्रांतही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस बंदी असते. त्या दिवसांत आम्हीं आपला गळ खुंटीस टांगावा. गाभोळीनें भरलेली एक मादी सोडली, तर लाखों अंडीं वांचतात.