सोळा टीबीचं आमिष आणि खरा बॅकअप

दीड हजारात सोळा टीबीची ड्राइव्ह कुणी देत असेल, तर घेऊ नका. हे ऐकीव नाही. गंगापुरात घरच्याच संगणकावर मी लग्नपत्रिका आणि शाळांच्या स्मरणिका करतो. जुनी एक टीबीची ड्राइव्ह गच्च भरली, तेव्हा भाच्यानं हौसेनं ऑनलाइन अशी एक मागवून दिली. संगणकानं बिनतक्रार सोळा टीबी दाखवली. फाइली गेल्या, नावं दिसली, आकारही बरोबर. उघडायला गेलं की बहुतेक उघडेनात. जुनी ड्राइव्ह अजून पुसली नव्हती म्हणून निभावलं. खोलून पाहिली, तर आत मोबाइलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड! अशा मालात चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कार्ड भरलं की पुढचा डेटा आधीच्यावर लिहिला जातो नाहीतर गायब होतो, आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो.

खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कची मजल अजून पाच-सहा टीबीपर्यंतच आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मग संभाजीनगरच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन चार टीबीची आणली. विंडोजवर ती ३.६३ टीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तरीही एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट मिळणाऱ्या जर्मन प्रोग्रॅमनं ती तपासली. तो अख्खी ड्राइव्ह भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पाहतो. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला, तर चार टीबीला नुसतं लिहायलाच अकरा तास, वाचायला तेवढेच. म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस. ड्राइव्ह रिकामी असतानाच हे उरकून घ्यावं.

आपल्याकडे खरी गोम विजेची. साडेतीन इंची मोठ्या ड्राइव्हला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि ड्राइव्ह मात्र लिहिता लिहिता बंद पडते. म्हणून एकतर तिचा अ‍ॅडॉप्टरही यूपीएसवर घ्या, नाहीतर यूएसबीवरच चालणारी अडीच इंची घ्या. डेस्कटॉप असेल तर केबल मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावावी, तो बहुधा निळा असतो. यूएसबी २ वर तेच काम तिप्पट वेळ खातं.

फॉरमॅट फक्त विंडोजसाठी असेल तर एनटीएफएस, मॅकलाही जोडायची असेल तर एक्सफॅट. जुन्या पेनड्राइव्हवरचं फॅट३२ चार जीबीहून मोठी फाइल घेतच नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथंच अडतो. दोन टीबीच्या वरच्या ड्राइव्हला विभागणी जीपीटी हवी, एमबीआर नको.

आता काय काय उतरवायचं? विंडोजची फाइल हिस्टरी दर तासाला कॉपी घेते, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या जागांचीच. आपण तर सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवतो! ते फोल्डर आपण होऊन जोडल्याशिवाय त्यात येत नाही. डीटीपी करणाऱ्यांनी फॉन्टही उतरवावेत. पेजमेकरची जुनी फाइल सुखरूप राहिली आणि तिचा श्रीलिपीचा फॉन्ट गेला, तर पत्रिकेतल्या वधू-वरांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभर संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. असा व्हायरस आला की जोडलेली ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडते. वळवाच्या पावसातल्या विजेचं भय वेगळंच. माझी दुसरी प्रत लासूर स्टेशनला बहिणीकडे असते. सणावाराला गेलो की अदलाबदल करतो. आणि संगणकात जागा हवी म्हणून फाइली ड्राइव्हवर हलवून मूळ पुसणं, याला बॅकअप म्हणत नाहीत. तिथं प्रत एकच उरते, फक्त तिची जागा बदलते.

जुनी ड्राइव्ह पुसायची घाई करू नका. नवीवरच्या थोड्या फाइली, त्यातही सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या, आधी दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा.