दुरुस्तीस दिलेली वस्तू आणि ग्राहकाचा हक्क

आमच्या लहानपणी चाळीत एकच टीव्ही होता. तो बिघडला की दुरुस्तीवाला घरी येऊन सर्वांच्या देखत मागचे झाकण उघडून काम करीत असे. आज घरोघरी मोबाईल आहे, शिकणाऱ्या मुलाकडे लॅपटॉप आहे. त्यासाठी घरच्या कर्त्या माणसाने पतपेढीचे कर्ज काढलेले असते, किंवा दुकानदाराकडे महिन्याचे हप्ते बांधलेले असतात. अशी वस्तू नादुरुस्त झाली की आपण ती दुकानात ठेवून येतो. काउंटरच्या मागे काय चालते ते आपल्याला दिसत नाही. वस्तू परत मिळते तेव्हा जुना दोष गेलेला असतो व नवा आलेला असतो. कधी कधी वस्तू कायमचीच बंद पडते. अशा वेळी कायदा आपल्या बाजूस कितपत उभा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची तीन बटणे चालत नव्हती. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आई पोळी-भाजीचे डबे करून त्याला शिकवीत होती. दुकानदाराने कीबोर्ड बदलण्याचे १,८०० रुपये सांगितले. चौथ्या दिवशी मुलगा गेला तर उत्तर मिळाले, "मदरबोर्ड गेला आहे. आत आधीच पाणी गेले होते. आणखी ९,५०० रुपये लागतील." आदल्या रात्रीपर्यंत ज्या यंत्रावर त्याने प्रकल्पाचे टंकलेखन केले, ते यंत्र आता चालूही होत नव्हते. हाती फक्त एक चिठ्ठी होती. तिच्यावर नाव, मोबाईल नंबर, 'लॅपटॉप' हा एक शब्द, आणि खाली बारीक अक्षरात 'वस्तू मालकाच्या जबाबदारीवर स्वीकारली जाईल' असे छापलेले.

बँकेत नोकरी करणाऱ्यास सगळे कागदपत्र कळते, असा लोकांचा समज आहे. म्हणून मायलेक आमच्याकडे आले. खरे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वी आमचा स्वतःचा टीव्ही आम्ही पावती न घेता दुरुस्तीस दिला होता. तो पडद्यावर उभी रेघ घेऊन परत आला व आम्ही मुकाट्याने घरी आणला. दिवसभर काउंटरवर बसून लोकांना "पावती जपून ठेवा" म्हणणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! त्यामुळे या वेळी कायद्याचे पुस्तक उघडून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की हा प्रश्न ग्राहक कायद्याहून पुष्कळ जुना आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'निक्षेप' या नावाचे प्रकरण आहे. विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे व काम झाल्यावर ती परत घेणे, याला निक्षेप म्हणतात. शिंप्याकडे कापड देणे जसे, तसेच मेकॅनिककडे मोबाईल देणे. कलम १५१ सांगते की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताबा घेणाऱ्याने घेतली पाहिजे. तेवढी घेऊनही नुकसान झाले तर तो जबाबदार नाही. हे न्याय्यच आहे. जुन्या यंत्राचा एखादा भाग हात लावताच निकामी होऊ शकतो. प्रत्येक बिघाड कारागिराच्या माथी मारता येत नाही. आपल्यातलीच कितीतरी मुले आयटीआय करून हा धंदा करीत आहेत, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायद्याचा. १९८६ च्या कायद्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो जुलै २०२० पासून अमलात आहे. मोबदला देऊन दुरुस्ती करून घेणारा हा 'ग्राहक' होय, आणि निष्काळजीपणाने केलेली दुरुस्ती ही 'सेवेतील त्रुटी' होय. धंद्यासाठी घेतलेली सेवा यातून वगळलेली आहे. परंतु जो स्वतः राबून त्यावर पोट भरतो, त्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. झेरॉक्सचे छोटे दुकान चालविणाऱ्या तरुणाने आपला संगणक दुरुस्तीस दिला म्हणून त्याचा हक्क जात नाही. तसेच बिल देण्यास नकार देणे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती दुसऱ्यास देणे, या दोन्ही गोष्टी 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरतात. मोबाईलमध्ये घरातल्या मुलीबाळींचे फोटो असतात, तेव्हा दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मग त्या चिठ्ठीवरच्या छापील ओळीचे काय? अशी ओळ दिसली की आपला माणूस तिथेच खचतो. याबाबत मद्रास उच्च न्यायालयाचा १९६०च्या दशकातील एक निकाल विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा. एका लाँड्रीने धुण्यास दिलेली साडी हरवली. पावतीवर छापले होते की वस्तू हरविल्यास किमतीचा काही भागच मिळेल. न्यायालयाने म्हटले की अशी अट मान्य केली तर बेजबाबदारपणाला उत्तेजन मिळेल. ती सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे. म्हणजे दुकानदाराने काहीतरी छापले म्हणून त्याची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही.

तथापि खरी अडचण कायद्याची नसून पुराव्याची असते. वस्तू देताना ती कोणत्या स्थितीत होती, हे दाखविणे आपल्यावर येते. पावतीवर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, नेमका दोष, ठरलेली रक्कम व तारीख लिहून घ्यावी. मोबाईलवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय नंबर पडद्यावर येतो. तो लिहून घेतला तर फोन बदलला गेला की नाही ते कळते. वस्तू चालू असताना चारी बाजूंनी फोटो काढावेत. सिमकार्ड व मेमरीकार्ड काढून ठेवावे आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत आधीच करावी. गेलेल्या यंत्राची किंमत भरून मिळू शकते. गेलेल्या माहितीची किंमत सिद्ध करणे फार अवघड जाते. काढलेला जुना भाग परत मागावा. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

वाद झाल्यावर "पैसे देणार नाही" म्हणून वस्तू दुकानातच सोडून येऊ नये. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिरास दिला आहे. तेव्हा ठरलेली रक्कम देऊन बिलावर 'हरकत राखून रक्कम दिली' असे लिहावे, व वस्तू ताब्यात घेऊन दुसऱ्या जाणकार कारागिराचा लेखी अभिप्राय घ्यावा. वस्तू उघडण्यापूर्वीच तो घेतलेला बरा, नाहीतर दोष त्याच्यावर ढकलला जातो.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाची असते. पूर्वी आपण त्याला 'मंच' म्हणत होतो. आयोगाची हद्द आता दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. दुरुस्तीची रक्कम कितीशी असणार! पाच लाख रुपयांपर्यंत फी काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची आहे. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागतो, याची मनाची तयारी ठेवावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

आता त्या मुलाच्या लॅपटॉपकडे वळू. पावती कुचकामी होती, पण शोधता शोधता दोन गोष्टी सापडल्या. वस्तू दिली त्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता त्याने प्रकल्पाचे एक प्रकरण सरांना ई-मेलने पाठविले होते. आणि दुकानदाराचा दुसऱ्या दिवशीचा संदेश मोबाईलमध्ये होता, "कीबोर्ड आला, उद्या मिळेल." त्यात पाण्याचा शब्दही नव्हता. दुसऱ्या कारागिराने लिहून दिले की आत गंज वा पाण्याचा डाग नाही. कीबोर्डची पट्टी जेथे बसते तेथील भाग जळालेला आहे. आम्ही दीड पानाची नोटीस लिहिली, तिन्ही कागदांच्या प्रती जोडल्या, पंधरा दिवसांची मुदत दिली व स्पीड पोस्टाने पाठविली. भाषा सौम्य ठेवली. शिवीगाळ केलेली नोटीस पुढे आपल्याच अंगाशी येते.

अकराव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. बोर्ड स्वखर्चाने बदलून देतो, म्हणाला. कीबोर्डचे १,८०० मात्र द्यावे लागतील. आमचे मत होते की तक्रार दाखल करावी, त्रासाचीही भरपाई मागावी. मुलाची आई म्हणाली, "भाऊ, परीक्षा तीन आठवड्यांवर आली. मला भरपाई नको, लॅपटॉप चालू पाहिजे." तिचेच ऐकले. हार्डडिस्क शाबूत होती, प्रकल्प जसाच्या तसा मिळाला. पैसे देताना मुलाने बिल मागून घेतले आणि काउंटरवर उभे राहूनच सीरियल नंबर, बदललेला बोर्ड व तीन महिन्यांची हमी त्यावर लिहवून घेतली.